रिकाम्या हातगाडीतला हुंकार

१

श्रावणातल्या शुक्रवारी मी जिवतीची पूजा करते. लग्न होऊन दोह्यात आले तेव्हापासून एकही शुक्रवार चुकलेला नाही. जिवतीचा कागद अल मन्सूरातल्या वाण्याकडे मिळतो. आघाडा कुठेच मिळत नाही. दुर्वा मी कुंडीत लावल्या आहेत. पुरणाचे दिवे करून मुलांना ओवाळायचं, हातात अक्षता धरून कहाणी सांगायची, आणि मूल लांब असेल तर त्याच्यासाठी चारी दिशांना अक्षता टाकायच्या. नमिता पुण्याला शिकायला गेली आणि मग तिथलीच झाली, तेव्हापासून मी पुण्याच्या दिशेला चिमूटभर जास्त टाकते. ती दिशा विजयना मोबाइलवर बघायला लावते. ते म्हणतात, देवीला नकाशा लागत नाही गं.

कहाणीचे आमच्या घरात दोन नियम आहेत. ऐकणाऱ्याने मध्ये मध्ये हुंकार द्यायचा. नुसतं "हूं". म्हणजे सांगणारीला कळतं की समोरचं माणूस जागं आहे. आणि एकही वाक्य गाळायचं नाही. माझ्या सासूबाईंकडून चुकून गाळलं गेलं तर त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या, मग पुरण निवेना का.

या श्रावणात अक्षता टाकाव्या लागणार नव्हत्या. नमिता बाळंतपणाला माझ्याकडे आली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर कतारमध्ये, त्याला ती काय करणार? पहिलं म्हणायचं खरं, पण आधी दोनदा दिवस राहून गेले होते. या वेळी डॉक्टरांनी तिला उठूच नका सांगितलं होतं. अल थुमामाच्या आमच्या घरात, बैठकीला लागून असलेल्या खोलीत ती डाव्या कुशीवर पडून असायची. डोक्यावरून विमानं उतरत राहायची. मी दर शुक्रवारी भिंतीवरच्या जिवतीकडे बघून म्हणायची, एवढं एक पदरात घाल, बाई. दुसरं काही मागत नाही.

२

आमच्या घराला भिंत लागून जे घर आहे, त्यात एक अमेरिकन प्रोफेसर राहतात. उन्हाळ्यात सगळे अमेरिकन पळतात, पण त्यांची आई त्याच ऑगस्टमध्ये इथे राहायला आली. आर्डिसबाई. सत्तरी ओलांडलेली, उंच, केस पांढरेशुभ्र. पहिल्या दिवशी मी चहा पुढे केला तर हसून नको म्हणाल्या. आमच्यात चहा-कॉफी चालत नाही, आम्ही मॉर्मन पंथाचे ख्रिस्ती. मी कोकमाचं सरबत दिलं, ते आवडलं. महिन्यातून एकदा त्याही उपास करतात म्हणाल्या, आणि त्यांची रविवारची प्रार्थना इथे शुक्रवारी असते. त्यांचाही शुक्रवार, माझाही शुक्रवार. तिथे आमचं जमलं.

त्यांच्या लोकांत प्रत्येकाने आपल्या आयुष्याची हकीकत लिहून ठेवायची असते. आईने लिहायची, आजीने लिहायची, पुढच्यांनी ती जपायची. आर्डिसबाई त्यांच्या खापरपणजीची हकीकत टाइप करत होत्या. नाव हॅना. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी ही बाई जहाजाने अमेरिकेत उतरली आणि बैल परवडत नाहीत म्हणून बाकीच्यांसारखी सामानाची लाकडी हातगाडी ओढत, वाळवंट आणि डोंगर ओलांडत चालत गेली. गाडीत भांडी, पिठाची गोणी, आणि वर तान्ही मुलगी.

मोठ्याने वाचलं की टायपिंगच्या चुका सापडतात, तू ऐकशील का, असं त्यांनी विचारलं. मला कुणी कहाणी ऐकशील का विचारावं आणि मी नाही म्हणावं?

तेव्हापासून रोज दुपारी त्या आमच्या बैठकीत वाचायच्या. मी त्यांना हुंकाराचं सांगितलं. त्यांना फार मजा वाटली. मला म्हणायच्या, "सू, तुझ्या हुंकारामुळे मला वाटतं मी कुणाला तरी सोबत घेऊन चाललेय."

३

ऑगस्टमधली इथली दुपार म्हणजे मध्यरात्रच, फक्त पांढरी. रस्त्यावर चिटपाखरू नसतं. पडदे ओढलेले, एसीची घरघर, आणि आर्डिसबाईंचा सावकाश आवाज.

त्या दिवशी हॅनाची गाडी नदीत अडकली होती. पाण्यात बर्फ. मी ऐकता ऐकता सरबताचा घोट घेतला, तोंडात पाणी होतं, आणि तेवढ्यात आर्डिसबाई थांबल्या.

"हूं," असं कुणीतरी म्हणालं.

आर्डिसबाईंनी मान वर न करता पुढे वाचायला घेतलं. मी घोट गिळला. नमिताच्या खोलीचं दार किलकिलं होतं. मला बरं वाटलं, लेक ऐकतेय. पोटातलंही ऐकत असेल.

वाचन संपल्यावर आत गेले तर ती कानात ते वायरवाले बोळे घालून गाढ झोपली होती. मी उठवलं नाही. झोपेत माणूस हुंकारतंच की. नाहीतर एसीच्या नळीत पाणी साठतं, ती गुडगुडते. विजयनी मेस्त्री बोलावला. तो नळी काढून, फुंकून म्हणाला, "खलास मॅडम, एकदम क्लीन."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गप्प बसले. ओठ मिटून, पदर तोंडाशी धरून. आर्डिसबाई वाचत होत्या, परिच्छेद संपला की अर्धा श्वास थांबत होत्या, आणि प्रत्येक वेळी त्या थांबण्यात तो हुंकार पडत होता. बारीक. तोंड न उघडता, नाकातून, दूध पिता पिता मूल करतं तसा.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना तो माझाच वाटत होता.

४

पुढच्या आठवड्यात एका ठिकाणी हॅना बाळाला उबेसाठी पिठाच्या गोणीशी बांधते, आणि त्यानंतरच्याच वाक्यात ती खिंड उतरून सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचते. गाडीत भांडी आहेत, गोणी संपलेली आहे. बाळ नाही.

मी विचारलं, बाळ कुठे गेलं?

आर्डिसबाई म्हणाल्या की इथला थोडा भाग त्यांच्याकडे कुणीच वाचत नाही. आईने पेन्सिलीने खूण करून ठेवली आहे, इथून इथपर्यंत सोडायचं. आजीही सोडायची. का, ते त्यांनी कधी विचारलं नाही. दुःखाचं असेल म्हणून.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला सासूबाई आठवल्या. हातात अक्षता धरलेल्या होत्या, ती माझी सवयच. अर्धी कहाणी ऐकून उठणं मला जमेना. आणि खरं सांगू? त्या तान्ह्या मुलीबद्दल वाईट वाटलं. तिच्या आईने लिहून ठेवलंय आणि सगळेजण तिला ओलांडून पुढे जातायत. मी म्हटलं, आमच्यात कहाणीतलं गाळत नाहीत. गाळलं तर तिचं फळ मिळत नाही.

आर्डिसबाईंनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, टाइप तर सगळंच करायचंय. आणि वाचलं.

जमीन गोठलेली होती, खणता येईना. बाळाला दगडांखाली ठेवलं. नाव ठेवायचं राहून गेलं होतं. तांडा थांबणार नव्हता. त्याच संध्याकाळी, रिकाम्या गाडीतून, दूध पिताना यायचा तो आवाज हॅनाला आला. ती चालता चालता त्याच्याशी बोलू लागली. रोज काहीतरी सांगायची. सांगत राहिलं की तो आवाज गाडीतच राहायचा, समाधानात. एक दिवस ती दमली होती, काही बोलली नाही. गाडीच्या मागे एक पोटुशी बाई चालत होती.

त्या दिवशी काय झालं ते पुढच्या चार-पाच ओळींत होतं. त्या ओळी मी इथे लिहीत नाही. सासूबाई मला क्षमा करोत.

वाचून झाल्यावर आर्डिसबाईंनी लॅपटॉप मिटला. त्यांची नजर सावकाश नमिताच्या खोलीच्या दाराकडे गेली. माझीही गेली. दार आम्ही ठेवलं होतं त्याहून जास्त उघडं होतं.

५

आर्डिसबाई आठवड्याभरातच परत गेल्या. तिकडे अमेरिकेत, युटातल्या मुलीला बरं नाही म्हणून. निरोप घ्यायला आल्या तेव्हा दारातच उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत.

"माझी आई जेवायला बसली की शेजारच्या रिकाम्या खुर्चीशी बोलायची," त्या म्हणाल्या. "दिवसभरात काय झालं ते सगळं. आम्हाला वाटायचं, प्रार्थना करतेय. ती गेल्यावर कुणी बोललं नाही, तरी काही झालं नाही, सू. मला वाटलं होतं, संपलं."

मग माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "रोज सांगत जा. काहीही सांग."

मी विजयना सांगितलं. ते इंजिनिअर माणूस. चेष्टा केली नाही, पण म्हणाले की दोघी म्हाताऱ्या बायका बंद खोलीत बसून महिनाभर मेलेल्या लोकांच्या गोष्टी वाचताय, आवाज येतील नाही तर काय. मला पटलं. खरंच पटलं.

शुक्रवारी नमिताला जिवतीची कहाणी सांगायला बसले. ती अर्ध्यातच पेंगली. हुंकार चालू राहिला. पलंगाखालून येत होता. मी वाकून बघितलं. नमिताच्या सपाता होत्या, एकीवर एक पडलेल्या. बाकी काही नाही.

मी सांगायची थांबले. बघू तर खरं, म्हटलं.

"हूं."

मी बोलले नाही.

"हूं." आता पलंगाखालून नाही. वर. गादीच्या कडेशी.

नमिता झोपेत कण्हली आणि तिचा हात पोटावर गेला. पोट एका बाजूला वर आलं होतं, दगडासारखं. मी घाईघाईने कहाणी जिथे सोडली होती तिथून उचलली. जीभ अडखळत होती, पण सांगत राहिले. सांगून झाली तशी दुसरी घेतली. मग माझ्या लहानपणीच्या नाशिकच्या गोष्टी, आमच्या गायीच्या, तांबट आळीतल्या ठोक्यांच्या. हळूहळू नमिताचा हात सैल पडला. पोट मऊ झालं.

त्या दिवसापासून माझी एकही दुपार चुकली नाही. नमिता म्हणायची, आई, हल्ली किती बोलतेस गं. मी म्हणायची, बाळाच्या कानावर चांगलं पडावं म्हणून.

६

कोजागरीच्या सुमारास बाळ झालं. मुलगी, सुखरूप. जन्मल्या जन्मल्या असं रडली की नर्स हसायला लागल्या. जावई अमेय पुण्याहून धावत आला होता, तोही रडला. मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्येच जिवतीला हात जोडले.

पण बाळ घरी आलं आणि दुपारी पाळण्याजवळ दोन श्वास ऐकू यायला लागले.

मला उपाय बारशाच्या तयारीत सुचला. आमच्यात बारशाला वरवंट्याला कुंची घालतात, बाळासारखा सजवतात, आणि पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हातात देऊन मग बाळाबरोबर पाळण्यात ठेवतात. वरवंटा घासता घासता माझ्या मनात आलं, ती पोर दगडांखालीच तर ठेवलेली. नाव न ठेवता. तिला कुणी ओलांडून जाऊ नये, एवढंच तिला हवं असेल. हिच्याबरोबर तिचंही बारसं करू. कुणाचं काय जातंय?

जमलेल्या बायकांना मी काही बोलले नाही. कुंची घातलेल्या वरवंट्याच्या, जिथे कान असता तिथे, तोंड नेऊन मी एक नाव सांगितलं. कोणतं ते लिहीत नाही. लिहिलं की हाक मारल्यासारखं होईल. मग वरवंटा पाळण्याखालून समोरच्या समीनाच्या हातात दिला. ही आमच्या गल्लीतली, सोलापूरची, भारी बडबडी.

"अगं बाई, केवढी जड ही," ती हसत म्हणाली. आणि बोलता बोलता, अगदी सहज, तिने दुसरा हात खाली घालून मान सांभाळली.

वरवंट्याला मान नसते. समीनाच्या ते लक्षातही आलं नाही. तिने तसाच, जपून, माझ्याकडे परत दिला.

नातीचं नाव रेवा ठेवलं. घुगऱ्या वाटल्या. सगळ्या गेल्यावर मी तो वरवंटा कुंचीसकट माझ्या कपाटात, साड्यांच्या मऊ गठ्ठ्यावर निजवला, आणि दार किलकिलं ठेवून कहाणी सांगितली. हुंकार कपाटातून आला. रेवाच्या पाळण्याजवळ एकच श्वास होता.

कितीतरी दिवसांनी मी पोटभर जेवले. चटणी मिक्सरवर केली. विजय म्हणाले, पाट्यावरची चव नाही. म्हटलं, सवय करा.

७

जानेवारीत अमेय दोघींना न्यायला आला. माझ्या मनाने ठरवलं होतं, आपण आता इथून हलायचं नाही. विजय निवृत्त झाले तरी दोह्यातच राहू, मी माझ्या कपाटाशी बोलत राहीन. लेक-नात तिकडे, ही इकडे. एवढं अंतर पुरे आहे.

विमान सकाळचं होतं, ते लांबलं. एअरपोर्टवरच दुपार झाली. माझा जीव वरखाली. घरी जाऊन यावं तर नमिता हात सोडेना. शेवटी सामानाच्या ट्रॉलीच्या दांड्यावर हात टेकून, गर्दीत, मी पुटपुटत कहाणी सुरू केली. कपाटातली ती इथलं ऐकेल का कोण जाणे, पण निदान सांगितली तरी.

"हूं."

इतकं हलकं वाटलं मला. डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, पोरगी शहाणी आहे, घरूनही ऐकते. मी कहाणी पुरी सांगितली. प्रत्येक थांब्याला उत्तर आलं, जवळून, ट्रॉलीच्या खालच्या बाजूने. अमेय ती ट्रॉली ढकलत काउंटरकडे घेऊन गेला. एक चाक कुरकुरत होतं, लाकडी असल्यासारखं.

नमिताची बॅग वजनात बसेना. अमेय हसत म्हणाला, आईंनी डिंकाचे लाडू सगळ्या सोसायटीला भरलेले दिसतात. लाडू मी हातातल्या पिशवीत दिले होते. पण त्या वेळी माझं लक्ष रेवाकडे होतं. तिने आत्याने दिलेलं टोपडं ओढून काढलं होतं आणि खाली, बॅगेकडे, टक लावून बघत होती.

घरी आल्यावर कपाट उघडलं. साड्यांवर कुंची होती. बंद बांधलेले होते, मी बांधले होते तशीच गाठ. आत काही नव्हतं.

८

नमिताचा फोन रात्री आला. पोचलो, रेवा छान झोपली, आणि आई, बॅगेत वरवंटा कशाला गं घातलास? कपड्यांच्या मधोमध. मी म्हटलं, असू दे, घरचा आहे. तो कुठे ठेवलायस, मी विचारलं. म्हणाली, अगं, रेवाच्या उशाशी. बाहेर नेला की रडते. गंमतच आहे.

मी विजयना विचारलं, तुम्ही घातलात का? ते म्हणाले, तूच घातला असशील, तुझं लक्ष कुठे असतं हल्ली. असेलही. लेकीला घरचा वरवंटा द्यावा असं कुठल्याही आईच्या मनात येऊ शकतं. मी तशी आठवण करून बघते, माझे हात, बॅगेची चेन. कधी कधी जवळजवळ आठवतं.

आता रोज दुपारी मी फोन करते. नमिताला सांगितलंय, फोन बाळाच्या उशाशी ठेवायचा आणि तू तुझी कामं कर. आजीची कहाणी. तिला ते आवडतं, दोन घटका मोकळ्या मिळतात. इथे मी पडदे ओढून जिवतीच्या कागदासमोर बसते, मुठीत अक्षता धरते आणि सांगते. फोन चार्जिंगला लावूनच ठेवते. लाइन कटू नये म्हणून शेजारी विजयंचा दुसरा फोन. हुंकार येतो. येतो तोवर सगळं ठीक आहे. हॅनाने आयुष्यभर केलं, आर्डिसबाईंच्या आईने केलं, माझ्याने का होणार नाही? बोलायला मला कधी कंटाळा नाही.

आर्डिसबाईंनी सांगितल्याप्रमाणे मीही ही माझी हकीकत लिहून ठेवतेय, रेवासाठी. रेवा, मोठी झालीस की वाच. मनातल्या मनात वाच.

परवा मात्र एक झालं. मी कहाणीत नेहमीच्या जागी थांबले, आणि "हूं" आला, तोच, ओळखीचा, नाकातला. मी पुढचं वाक्य उचलणार, तेवढ्यात त्याच्या पाठोपाठ, जरा अडखळत, कुणी शिकवल्यावर म्हणावं तसा दुसरा आला.

तीन महिन्यांची मुलं हुंकार देतातच. डॉक्टरही तसंच म्हणतात.

मी मुठीतल्या अक्षता घट्ट धरल्या आणि पुढचं वाक्य सांगितलं.